नेपाळात सरकार कुणाचंही येवो, आपण माणसं कशाला निवडायची?

डिचोलीकर:
सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळचे पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, तिथलं सरकारी मुख्यालय सिंहदरबार जळालं, सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. आपल्याकडे लगेच चर्चा सुरू: ही बाई आपली की चीनची? हा प्रश्नच दिल्लीने सोडून द्यावा. 2008 पासून तिथे एकाही पंतप्रधानाने पाच वर्षं पुरी केलेली नाहीत. ऑक्टोबर 2016 मध्ये ब्रिक्स-बिमस्टेक देशांच्या परिषदेसाठी तेव्हाचे नेपाळचे पंतप्रधान ‘प्रचंड’ इथे गोव्यात आले होते. वर्ष व्हायच्या आत खुर्ची गेली. त्यापेक्षा बिहारमधून नेपाळात डिझेल नेणारी मोतीहारी-अमलेखगंज तेलवाहिनी बघा. 69 किलोमीटर, 2019 मध्ये सुरू झाली, त्यानंतर तिकडे किती सरकारं बदलली! नेपाळकडून दहा वर्षांत 10,000 मेगावॅट वीज घेण्याचा करार जानेवारी 2024 चा. जोर अशा कामांवर हवा.

निवृत्त सुभेदार, पेडणे:
डिचोलीकरबाब, डिझेल आपण पुरवायचं आणि लिपुलेख, कालापानी, लिंपियाधुरा हा सीमेवरचा वादातला भाग त्यांनी स्वतःच्या नकाशात घालायचा? 2020 मध्ये त्यांच्या संसदेत एकही मत विरोधात पडलं नाही. चार वर्षांची अग्निपथ सैन्यभरती आल्यावर त्यांनी आपल्या सैन्यातली गोरखा भरतीही थांबवली. गोरख्यांबरोबर नोकरी केली आहे, त्या पोरांबद्दल वावगा शब्द काढणार नाही. पण राज्यकर्त्यांना फुकटात मिळतंय तोवर किंमत कळायची नाही. मदतीला अट हवीच.

कळंगुटचा शॅकवाला:
अट लावून झाली की साहेब, 2015 ला. नेपाळच्या नव्या राज्यघटनेवरून मधेशी, म्हणजे आपल्या सीमेलगतच्या तराईतले लोक, रस्त्यावर आले, सीमेवर ट्रक अडले. दिल्ली म्हणाली, आम्ही अडवलेच नाहीत. भूकंपाला पाच महिने झालेले, घरात गॅस नाही. कोण विश्वास ठेवणार? ओली मार्च 2016 मध्ये बीजिंगला जाऊन चीनमार्गे मालवाहतुकीचा पारगमन करार करून आले.

2025 च्या सप्टेंबरात माझ्या किचनमधला नेपाळी पोरगा रवा लावलेले बांगडे तव्यावर ठेवून मोबाइल बघत उभा होता. भाऊ काठमांडूत. बांगडे करपले, मी काही बोललो नाही. 1950 च्या भारत-नेपाळ तहामुळे त्याला इथे कामाचा परवाना लागत नाही. उद्या अटींत तेही घालणार?

म्हापसेकरीण:
तुमची अडचण आचारी मिळण्याची आहे हो, परराष्ट्र धोरणाची नाही. सीमा 1,751 किलोमीटर, तीही उघडी. त्याच सप्टेंबरात तिथले तुरुंग फुटले, हजारो कैदी पळाले, काहींना आपल्या एसएसबीने, म्हणजे त्या सीमेवरच्या सशस्त्र सीमा बलाने, पकडलं. शेजारी घर पेटलेलं असताना फक्त विजेच्या तारा ओढत बसा, हा कसला सल्ला?

डिचोलीकर:
ताई, पहारा काढा असं मी कुठे म्हटलं? उमेदवार निवडू नका एवढंच. आणि अटीला माझा विरोध नाही. चिनी गुंतवणूक असलेल्या प्रकल्पाची वीज आपण घेत नाही, ही अटच आहे. तिथल्या उद्योजकांना ती जाचते, पण कागदावर आहे, कुणालाही वाचता येते. 2015 ची अट कुठे लिहिलेली होती? ज्याचा त्याने सोयीचा अर्थ लावला, फायदा ओलींचा.

निवृत्त सुभेदार, पेडणे:
कागदाचंच बोलायचं तर दोन्ही सरकारांनी मिळून नेमलेल्या तज्ज्ञ गटाचा अहवाल 2018 मध्ये तयार झाला आणि आपण तो स्वीकारायचं टाळत राहिलो. 1950 च्या तहाचा फेरविचार हा त्या गटाचा मुख्य विषय. माझ्या मते टाळलं तेच बरं. तह एकदा उघडला की उघडी सीमाही चर्चेला येणार, मग शॅकवाल्यांनी बांगडे स्वतः तळावेत.