कुत्र्याच्या दातांना 12 हजार: लूट की गरज?

मंजिरी_ठाणे: काल इथे एकाने लिहिलं, 'कुत्र्याचे दात साफ करायला 12 हजार म्हणजे दरोडा, आजोबांच्या कुत्र्याचे कुणी घासले होते?' आणि खाली टाळ्यांचा पाऊस! अहो, नुसतं घासायचे पैसे नसतात ते. आधी रक्त तपासून किडनी-लिव्हर बघतात. मग पूर्ण भूल, सलाईन, श्वासनळीत नळी, नाहीतर स्केलरचं, म्हणजे किटण खरवडायच्या यंत्राचं, पाणी फुप्फुसात जायचं. मग हिरडीखालचं किटण काढायचं आणि शेवटी पॉलिश. आमची पॉमेरेनियन कुत्री दत्तक आली तेव्हा तोंडाजवळ नाक नेववत नव्हतं. दाढेच्या मुळाशी पिवळट-तपकिरी कवच, बोट लावलं की रक्त. पाच दाढा काढल्या. आता कडक बिस्किटं फोडते.

अण्णा_सातारकर: आमचा वाघ्या भाकरी-ताकावर पंधरा वर्षं जगला. ही सगळी फ्लॅटमधली थेरं. पुतणीच्या कुत्र्याचे दात ग्रूमरने, म्हणजे कुत्र्यांची आंघोळ-केस करणाऱ्याने, भूल न देता 1500 मध्ये साफ केले, अगदी मोत्यासारखे!

मंजिरी_ठाणे: वरून मोत्यासारखे. जे सडतं ते हिरडीच्या आत. जागा कुत्रा तिथे टोकदार हत्यार घालू देईल? तुम्ही द्याल? आणि वाघ्याचा ओठ उचलून मागच्या दाढा कधी पाहिल्या होत्यात?

अण्णा_सातारकर: वाघ्याचा ओठ उचलायची कुणाची छाती नव्हती.

रस्सा_किंग: मटणाची नळी द्या चघळायला, विषय संपला.

लॅबवाला: संपला नाही, सुरू झाला. आमच्या लॅब्राडोरची वरची मोठी दाढ नळीनेच उभी चिरली. ती काढायला परत भूलच.

रस्सा_किंग: शिजवलेली दिली असणार. कच्ची द्यायची.

लॅबवाला: कच्चीच होती. दात तुटायला हाड कडक असलं की पुरे.

शुद्धशाकाहारी: आमच्याकडे हाड येत नाही. त्याला दूध-पोळी आणि पनीर. श्रावण सगळेच पाळतो.

रस्सा_किंग: कुत्र्यालाही श्रावण?! त्या मुक्या जिवाने कुठला संकल्प सोडलाय? आमचे घरमालकही असलेच, अंडं उकडलं तरी जिन्यावरून नाक मुरडतात.

शुद्धशाकाहारी: आमच्या घरात काय शिजावं ते तुम्ही ठरवू नका. मालकांचं बरोबर आहे.

रस्सा_किंग: हो ना, भाडं आम्ही द्यायचं आणि ओटा त्यांचा!

मंजिरी_ठाणे: दातांचा धागा आहे. भाडेकराराचा वेगळा काढा.

निखिल_प: आमचा पग म्हातारा, हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांत जादा आवाज. डॉक्टरच म्हणाले, आत्ता भूल नको. त्यामुळे 'सगळ्यांनी दरवर्षी करा' असं जे सांगतात, तेही मला दुकानदारीच वाटते. आणि जवळच्या दोन दवाखान्यांत विचारलं, दातांचा एक्स-रे नाहीच. मुळाशी काय चाललंय ते न बघता 12 हजार कसले?

मंजिरी_ठाणे: एक्स-रेचं मान्य. पैसे देण्याआधी विचारावंच. बाकी शब्द मागे घेत नाही.

अण्णा_सातारकर: बरं बाई, तुमचंच खरं. घरच्या पेस्टने घासलं तर चालेल का नव्या पिल्लाला?

लॅबवाला: अजिबात नको! माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, साखरेऐवजी घालतात ते. त्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपकन उतरते, लिव्हरही जाऊ शकतं. कुत्र्यांची वेगळी मिळते, चिकनच्या चवीची. रोज घासा, दातांवरचा थर दोन-तीन दिवसांत दगड होतो.

शुद्धशाकाहारी: चिकनच्या चवीची??

रस्सा_किंग: 😂😂 श्रावणात काय करणार आता?

अण्णा_सातारकर: ते राहू द्या. ट्यूब केवढ्याला?