अथर्वशीर्षाचे फोटो आणि सभागृहाचे छत

(ठाणे, घोडबंदर रस्ता. सोसायटीचा सदस्य ग्रुप, विसर्जनानंतरचा रविवार.)

सी-३०३: सर्वांना नमस्कार. अथर्वशीर्ष पठणाचे फोटो काल रात्री ग्रुपवर आले, ते आज सकाळी नीट पाहिले. पहिल्या रांगेतल्या आम्ही साऱ्याजणी पिठाच्या गिरणीतून नुकत्याच बाहेर पडलो आहोत अशा पांढऱ्याफटक दिसत आहोत, शेवटची रांग अंधारात गडप झाली आहे, आणि ज्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे दिसतात त्यांत पांढऱ्या साड्यासुद्धा केशरट आल्या आहेत. बायकांनी महिनाभर सराव केला होता. मला कोणावर ठपका ठेवायचा नाही. पण भोंडल्याचेही असेच होणार असेल, तर या वेळी बाहेरचा फोटोग्राफर बोलवावा, एवढीच विनंती.

बी-५०४: काकू, आपली नाराजी समजू शकतो. मी हे काम छंद म्हणून, कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या १८-५५ लेन्सवर करतो. ही लेन्स ५५ मिमीवर, म्हणजे पूर्ण झूमवर, नेली की एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी), हे मी जुलैमध्येच समितीला लेखी कळवले होते. ७०-२०० एफ/२.८ लेन्ससाठी सांस्कृतिक निधीतून निम्मी रक्कम मिळावी, असा माझा अर्जही तेव्हाच दिलेला आहे.

ए-२०२ (खजिनदार): तो अर्ज मी वाचला आहे आणि त्याचे उत्तरही बैठकीत दिले आहे. सांस्कृतिक निधी प्रसाद, मांडव आणि बक्षिसे यांसाठी आहे. कोणाच्याही खासगी छंदाची लेन्स त्यातून घेता येणार नाही. प्रोजेक्टरचे पुढे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहेच.

बी-१०२: सभागृहाच्या छताला पीच रंग देण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला नव्हता. सभेत पांढरा रंग ठरला होता. या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

सी-४०१ (सचिव): सर्व सदस्यांना नम्र विनंती की, कृपया फोटोंच्या विषयालाच धरून लिहावे.

ए-१०४: इतका खटाटोप कशासाठी, हे मला कळत नाही. माझ्या मुलीने मोबाइलवर काढलेले फोटो याहून चांगले आहेत.

बी-३०१: दादा, तुमच्या मुलीने आरतीचे फोटो काढले, अथर्वशीर्षाचे नव्हे. त्यात माझा हात आणि निरांजन एवढेच आले आहे, पण हात खरोखरच छान आला आहे.

ए-७०१: यात थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. सी-३०३ वहिनींनी सांगितलेले दोष दोन वेगळ्या कारणांचे आहेत आणि त्यांपैकी एकही दोष ७०-२०० लेन्सने जाणार नाही. पहिला दोष अंतराचा. फ्लॅशपासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. तिप्पट झाले की नववा हिस्सा. आपल्या सभागृहात पहिली रांग कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर होती आणि शेवटची ९ मीटरवर, म्हणजे मागच्यांना पुढच्यांच्या एक नवमांश प्रकाश मिळाला. आता पुढच्यांसाठी प्रकाश बेताचा ठेवला तर मागचे बुडणार आणि मागच्यांसाठी वाढवला तर पुढचे पांढरे होणार; लेन्स कितीही महाग घेतली तरी हे गणित बदलत नाही.

ए-७०१: याच पहिल्या दोषाबाबत आणखी एक. फ्लॅशची ताकद गाइड नंबरमध्ये मोजतात. त्या अंकाला अ‍ॅपर्चरच्या (एफ/ पुढच्या) आकड्याने भागले की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १०० वर असताना प्रकाश किती मीटरपर्यंत पोहोचतो, ते कळते. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर साधारण १२ धरला आणि एफ/५.६ ने भागला, तर उत्तर जेमतेम २ मीटर येते. आयएसओ ४०० केल्यास अंतर दुप्पट, १६०० केल्यास चौपट. माझ्या तरुणपणी सेलवर चालणाऱ्या फ्लॅशच्या पाठीवर हा तक्ता छापलेलाच असे, त्यामुळे फोटो काढणाऱ्याला भागाकार करावाच लागे. त्याच्याही आधी, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या उमेदीच्या काळात, फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटून निकामी होत असे. पुढच्या फोटोला नवा बल्ब. आता कॅमेराच सर्व ठरवतो म्हटल्यावर भागाकार कोण करणार?

बी-५०४: काका, आपला पूर्ण आदर राखून सांगतो की भागाकार मलाही येतो. परंतु एफ/२.८ ला एफ/५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो, हे तर आपणही मान्य कराल.

ए-७०१: मान्य आहे, पण मग मागच्या दोन रांगा फोकसबाहेर जातील, त्याचे काय? शिवाय २०० मिमीवर सगळा समूह चौकटीत बसवायचा, तर तुम्हाला सभागृहाच्या भिंतीपलीकडे, थेट जनरेटरच्या खोलीत उभे राहावे लागेल.

ए-२०२ (खजिनदार): म्हणजे सदर लेन्सची आवश्यकता नाही, असे सभासदांचेच मत आहे, याची नोंद घ्यावी.

बी-१०२: सभागृहाच्या छताला पीच रंग देण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला नव्हता. कृपया उत्तर द्यावे.

बी-३०१: मागच्या वर्षीच्या बक्षीस समारंभाच्या फोटोंत अध्यक्षांचे पाय काळ्या पट्ट्यात गेले होते, तेही लेन्समुळेच झाले होते का? सहज विचारते. आमच्या घरी अजून त्यावर वाद चालू आहे.

बी-५०४: वहिनी, तो प्रकार शटरचा होता. कॅमेऱ्याच्या आत दोन पडदे असतात: पहिला उघडतो, दुसरा झाकतो. साधारण १/२०० सेकंदापर्यंत, काही कॅमेऱ्यांत १/२५० पर्यंत, मधल्या एका क्षणी फोटो टिपणारा संपूर्ण सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅश नेमका तेव्हा पेटतो. त्याहून वेगवान शटर ठेवले तर पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघालेला असतो. मग तेवढ्या भागावर फ्लॅशचा प्रकाश पोहोचतच नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा किंवा त्याच कंपनीचा फ्लॅश असेल तर कॅमेरा ही मर्यादा आपोआप पाळतो. त्या दिवशी एका मित्राचा साधा, एकाच पिनचा रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारे यंत्र) लावला होता आणि तो कॅमेऱ्याला काहीच कळवत नाही.

ए-१०४: मोबाइलमध्ये असले काही होत नाही.

बी-५०४: होत नाही, कारण मोबाइलवर खरा फ्लॅशच नसतो, एक लहानसा एलईडी दिवा असतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात विझतो, म्हणून लेझीम खेळणाऱ्याचा हात हवेत थांबल्यासारखा स्पष्ट येतो. मोबाइलचा दिवा नुसता लागून राहतो आणि हात हलतच राहतो.

ए-१०४: आम्हाला लेझीम खेळायचे नाही.

ए-६०२: मध्येच लिहिते, त्याबद्दल राग मानू नये. पुढच्या आठवड्यात याच सभागृहात आमच्या बाळाचे बारसे आहे. सासूबाईंचे म्हणणे आहे की फ्लॅशने तान्ह्या मुलांच्या डोळ्यांना इजा होते. फ्लॅश अजिबात वापरू नये का?

सी-६०४ (डॉक्टर): नेहमीच्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना इजा होते, असे दाखवणारा पुरावा नाही, बाळ दचकते आणि क्षणभर दिपते एवढेच. तरीही अगदी जवळून, थेट चेहऱ्यावर फ्लॅश मारू नये, ही साधी रीत पाळावी. या निमित्ताने एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. फ्लॅशच्या फोटोत दोन्ही बाहुल्या लाल दिसणे स्वाभाविक आहे, कारण तो दृष्टिपटलावरून परतलेला प्रकाश असतो. मात्र एका डोळ्याची बाहुली वेगवेगळ्या फोटोंत वारंवार पांढरी दिसत असेल, तर ते कॅमेऱ्याचा दोष समजून सोडून देऊ नये. कित्येकदा तो फक्त कोनामुळे दिसणारा परावर्तित प्रकाश असतो. परंतु लहान मुलांतील मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोग यांचेही ते लक्षण असू शकते, म्हणून विलंब न करता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

ए-६०२: धन्यवाद डॉक्टर. सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांचे मत बदललेले नाही, पण थेट चेहऱ्यावर मारू नये एवढे त्यांना पटले आहे.

सी-३०३: डॉक्टरांचे आभार. आता माझ्या केशरट साड्यांकडे कोणी वळणार आहे का?

ए-७०१: वळतो. थेट फ्लॅशने पुढचे चेहरे जळतात, हे लक्षात आल्यावर बी-५०४ यांनी बाहेरचा फ्लॅश लावून त्याचे तोंड छताकडे वळवले असावे, आणि ते योग्यच होते. छतावर आपटून आलेला प्रकाश पसरून मऊ पडतो, मागच्या रांगेलाही वाटा मिळतो आणि डोळे लाल होत नाहीत. दीड-दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे), म्हणून आयएसओ ८०० पर्यंत न्यावा लागतो. परंतु छत ज्या रंगाचे, त्याच रंगाचा प्रकाश खाली येतो.

बी-१०२: सभागृहाच्या छताला पीच रंग देण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला नव्हता.

बी-३०१: काका, आज तुमचा मुद्दा प्रथमच विषयाला धरून आला आहे. सचिव महोदयांनी नोंद घ्यावी.

सी-४०१ (सचिव): रंगाची निवड तत्कालीन समितीने उपलब्ध साठ्यानुसार केली होती, आणि त्या समितीत बी-१०२ हे स्वतः सहखजिनदार होते, एवढे नमूद करून मी थांबतो.

बी-१०२: मी त्या बैठकीला गावी असल्याने अनुपस्थित होतो. इतिवृत्त पाहावे.

बी-५०४: छत रंगवण्याची वाट न पाहता तीन उपाय करता येतील. फ्लॅश छताऐवजी बाजूच्या भिंतीवर मारावा. नोटीस बोर्डाकडची भिंत पांढरी आहे आणि बाजूने आलेल्या प्रकाशाने चेहऱ्याला उठावही चांगला येतो. ते जमत नसेल, तर छतावरून आलेल्या प्रकाशातच एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढून त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे ते पांढरेच दिसावे यासाठीची कॅमेऱ्यातली रंगजुळणी, बसवावा. आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात, काढले असतील तर रंग नंतरही सुधारता येतो. परवाचे सर्व फोटो रॉमध्येच आहेत, त्यामुळे काकू, साड्या आज संध्याकाळपर्यंत पांढऱ्या करून देतो.

सी-३०३: ही गोष्ट सकाळीच सांगितली असती, तर मी एवढे लिहिलेच नसते.

ए-२०२ (खजिनदार): भोंडला तर पोडियमवर, उघड्यावर होणार आहे. तेथे ना छत, ना भिंत. पुन्हा लेन्सचाच अर्ज येणार असेल, तर आत्ताच सांगावे.

बी-५०४: लेन्स नको. माझ्याकडे ५० मिमी एफ/१.८ आहे, तीही भोंडल्याला वापरणार नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरमुळे ती ७५ मिमीसारखी वागते आणि २ मीटरवर, एफ/१.८ ला, जेमतेम चार-साडेचार इंच खोलीच स्पष्ट येते. एकीचे नाक स्पष्ट येईल आणि तिच्या शेजारणीची नथसुद्धा ओळखू येणार नाही. बारशाला, बाळाच्या एकट्याच्या फोटोला ती उत्तम, तेही फ्लॅश न लावता खिडकीपाशी. भोंडल्याला कॅमेऱ्याबरोबरचीच १८-५५ पुरे. फ्लॅश मात्र कॅमेऱ्यावरून उतरवून, पांढऱ्या छत्रीतून, उंच स्टँडवरून मारावा लागेल.

ए-७०१: आणि स्टँड रिंगणाला चिकटून ठेवू नये. दिवा रिंगणाच्या अलीकडच्या बाजूपासून ६ मीटर मागे घेतला आणि रिंगणाची पलीकडची बाजू ९ मीटरवर आली, तर फरक एकास नऊ राहत नाही, सुमारे एक स्टॉप उरतो. शटरने आसपासच्या दिव्यांचा प्रकाश सांभाळायचा आणि अ‍ॅपर्चरने फ्लॅशचा, एवढे धरून चालावे. शटर १/५०, एफ/५, आयएसओ ८०० येथून सुरुवात करावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की त्यांचे पट्टे फोटोत येत नाहीत.

बी-५०४: काका, हे मात्र तंतोतंत पटले. त्यात एवढीच भर घालतो की पोडियमचे दिवे पिवळसर आहेत आणि फ्लॅश दुपारच्या उन्हासारखा पांढरा. म्हणून नाटकवाले ज्याला जिलेटिन म्हणतात, तो केशरी कागद फ्लॅशवर लावून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स पिवळ्या दिव्यांना बसवीन, म्हणजे पाटावरचा हत्ती आणि मागची इमारत एकाच रंगात येतील. गरब्याच्या रात्री शटर १/१५ पर्यंत उतरवून फ्लॅश दुसऱ्या पडद्याला लावीन, म्हणजे तो पडदा झाकायच्या अगदी आधी पेटेल. मग दांडियाची रेघ दांडीच्या मागे उमटते, पुढे नाही.

ए-१०४: पाऊस आला तर?

बी-५०४: पाऊस आला तर फ्लॅश बंद. कॅमेऱ्याजवळचे थेंब सर्वांत आधी उजळतात आणि फोटोभर पांढरे गोळे दिसतात. धुपाच्या धुराचेही तसेच होते.

ए-२०२ (खजिनदार): छत्री, स्टँड आणि ते जिलेटिन यांचा अंदाजे खर्च कळवावा. रक्कम आवाक्यात असल्यास हरकत नाही. मात्र पावती सोसायटीच्या नावे असावी आणि वस्तू सोसायटीच्या कपाटात, कुलपात राहतील. ट्रिगर ज्याचा त्याने आणावा, आणि तो एकाच पिनचा नसावा.

बी-५०४: मान्य. शनिवारी सायंकाळी साडेसातला पोडियमवर चाचणी घेऊ. वाऱ्याने छत्री स्टँडसकट आडवी होते, म्हणून धरायला एक माणूस हवा. शिवाय पांढरी साडी नेसलेल्या एक आणि चष्मा लावणारे एक असे दोघे बसायला हवेत, कारण चष्म्याच्या काचेत छत्रीचे प्रतिबिंब दिसू नये म्हणून स्टँड किती उंच न्यायचा, ते तेव्हाच पाहावे लागेल.

बी-३०१: चष्म्यासाठी आमच्याकडून हे येतील. बसतील, पण हसण्याची खात्री देता येत नाही.

बी-१०२: छत्री धरायला मी येतो.