मदत हवी आहे: काळ्या डायवर एका दिवसात ॲश ब्लाँड मागणाऱ्या क्लायंटला कसं समजवायचं?

मंडळी, केस कमरेपर्यंत, त्यावर चार-पाच वर्षांचा काळा बॉक्स डाय (घरी लावायचा तयार रंग), मधूनमधून काळी मेहंदीही. मोबाईलमध्ये फिल्टर मारलेला ॲश ब्लाँडचा (राखाडी छटेच्या सोनेरी केसांचा) फोटो आणि अट एकच: आजच हवं.

कलरने कलर उठत नाही, म्हणजे नवा डाय लावून जुना फिका होत नाही, हे बहुतेकांना पटतच नाही. लेव्हल २ वरून (१ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट) ॲशसाठी ब्लीचने ९-१० पर्यंत, म्हणजे केळ्याच्या सालीच्या आतल्या फिकट पिवळ्यापर्यंत जावं लागतं. मुळं भराभर उठतात, पण लांबी ६-७ च्या नारिंगीवर अडकते. तिथे ॲश टोनर (ब्लीचनंतर छटा देणारा रंग) लावला तर ब्लाँड नव्हे, मातकट तपकिरीच दिसणार. वर ४० व्हॉल्यूमचा डेव्हलपर (ब्लीचमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड; व्हॉल्यूम जास्त तितकं तीव्र) चढवला की टोकं रबरासारखी ताणून तुटतात.

काळ्या मेहंदीत धातूचे क्षार असू शकतात, म्हणून आधी बट कापून ३० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि २० थेंब अमोनियात अर्धा तास बुडवायची. गरम झाली, फेसाळली किंवा रंग झपाट्याने बदलला तर ब्लीच बंद. ही टेस्ट निर्धोक निघाली तर मानेजवळच्या बटेवर २० व्हॉल्यूमने ब्लीच करून तीच बट क्लायंटच्या हातात द्यायची. बोलण्यापेक्षा याचा उपयोग होतो, पण काहीजण तरीही म्हणतात, “दुसरीकडे एका दिवसात करून देतात.”

अशा वेळी तुम्ही नेमकं काय बोलता? टप्पे आणि प्रत्येक सिटिंगनंतरची शेड लिहून सही घेता का? टेस्टचे पैसे वेगळे लावता का? आणि सरळ नकार कुठल्या टप्प्यावर देता?