'सॉफ्टवेअर आहे का?' एवढं विचारून डिजिटल प्रगती मोजता येते का?

आकडेमोड्या (धागाकर्ता):
युरोपीय संघात कंपन्यांची डिजिटल पातळी १२ बाबींवरून ठरते: वेगवान इंटरनेट, क्लाउड, ईआरपी (हिशेब, साठा, खरेदी-विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), ऑनलाइन विक्री, एआय वगैरे. ४ बाबी असल्या की 'मूलभूत पातळी' गाठली. २०३० पर्यंत ९० टक्क्यांहून जास्त लघु-मध्यम उद्योग तिथवर न्यायचे आहेत. माझ्या मते ही खरेदीची मोजणी झाली. ईआरपी घ्यायचं आणि खरा हिशेब एक्सेलमध्येच ठेवायचा, असं सर्रास चालतं. तरी पाहणीत उत्तर 'हो'च. शिवाय प्रत्येक बाबीला सारखंच वजन! संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असा टोला अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्येच मारला होता.

उंबरठा:
साफ असहमत. लाभ मोजायचा कसा, ते आधी सांगा. मालकाला विचारलं तर तो 'फायदा झाला' असंच म्हणणार. पैसे पाण्यात गेले हे कोण लिहून देईल? नफा बघावा, तर मुळात नीट चालणाऱ्या कंपन्याच नवं तंत्रज्ञान आधी घेतात आणि त्यांच्या कर्तबगारीचं श्रेय सॉफ्टवेअरच्या खात्यात जमा होतं. 'आहे की नाही' हा प्रश्न बाळबोध असेल, पण दोन देशांची तुलना त्यावर करता येते.

आकडेमोड्या:
तुलना कसली? १२ बाबींची यादीही दरवर्षी तीच राहत नाही. यंदाचा आकडा मागच्याशी ताडून बघायचीसुद्धा सोय नाही.

तिरपी_रेघ:
@उंबरठा, लाभ मोजता येतो, आणि मोजलाही गेलाय. नॉर्वेत ब्रॉडबँडच्या सरकारी योजनेचा निधी मर्यादित होता, म्हणून वेगवेगळ्या भागांत सेवा वेगवेगळ्या वेळी पोचली. संशोधकांनी नेमका तोच फरक वापरला. कंपनी हुशार आहे म्हणून तिला आधी मिळालं, हा आक्षेप तिथे बराचसा गळून पडतो. निष्कर्ष मात्र गोड नव्हता: कुशल कर्मचाऱ्यांची उत्पादकता आणि पगार वाढले, अकुशलांना फटका बसला. 'कंपनीला फायदा' असा एकच आकडा काढला असता तर हे झाकलंच गेलं असतं.

सोलोंच्या टोल्याबद्दल: पॉल डेव्हिड या अर्थ-इतिहासकाराने १९९० मध्ये त्याला विजेचा दाखला दिला. सुरुवातीला कारखान्यांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी मोठी मोटर बसवली. यंत्रांपर्यंत शक्ती पोचवणारे दांडे, पट्टे, यंत्रांची मांडणी सगळं जुनंच. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर मिळून मांडणी बदलली तेव्हा कुठे उत्पादकता वाढली. मधे काही दशकं गेली. त्या काळात पाहणी केली असती तर 'वीज आहे का?' याला सगळ्यांनी 'हो' म्हटलं असतं.

आकडेमोड्या:
मग हे माझ्याच बाजूचं झालं की! प्रश्न मांडणीबद्दल विचारा. कोणतं काम बंद झालं? कोणता निर्णय आता खालच्या पातळीवर होतो? ब्रिटनमधल्या कंपन्यांच्या अभ्यासात अमेरिकी मालकीच्या शाखांनी आयटीतून इतर बहुराष्ट्रीय कंपन्यांपेक्षा जास्त उत्पादकता काढली. कारण होतं माणसांच्या व्यवस्थापनाच्या पद्धतीत.

उंबरठा:
छान. आणि एवढी प्रश्नावली भरणार कोण? मोठ्या कंपनीत त्यासाठी माणूस असतो, छोटीत मालकच रात्री बसून खुणा करतो. दहाच्या आत कर्मचारी असलेल्या कंपन्या तर युरोपच्या मुख्य पाहणीत धरतच नाहीत. प्रश्न वाढवाल तसं छोट्यांकडून उत्तरं येणं कमी होईल. मग चित्र सखोल असेल, पण फक्त मोठ्यांचं.

तिरपी_रेघ:
म्हणून सगळ्यांना सगळं विचारू नये. 'आहे का' ही छोटी यादी सर्वांना, आणि मोजक्या कंपन्यांकडे दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा जाऊन कामाच्या मांडणीचे प्रश्न. विक्री-पगाराचे आकडे कर विभागाच्या नोंदींतून जोडता येतात. काही देश जोडतातही.

उंबरठा:
आणि मधल्या काळात बंद पडलेल्या कंपन्या? त्यांच्याकडे पुन्हा कोण जाणार? ज्यांना तंत्रज्ञान झेपलं नाही, त्याच त्यात जास्त असतील.