जुनी सिस्टीम डिस्क फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येतच नाही का?

गुहागरहून:
काल एकांनी ठामपणे लिहिले की, विंडोज असलेली जुनी डिस्क नव्या संगणकात साठवणीसाठी वापरायची, तर फॉरमॅट करण्यावाचून, म्हणजे सगळे पुसून ती कोरी करण्यावाचून, गत्यंतर नाही. हे वाचून मला राहवले नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे अपडेट बंद झाल्यापासून घरोघरी संगणक बदलले जात आहेत. असा सल्ला ऐकून कुणी आयुष्यभराचे फोटो पुसून टाकले, तर जबाबदार कोण? डिस्क जोडावी, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) नव्या डिस्कचा क्रम आधी लावावा आणि मग जुन्या डिस्कवरची विंडोज व प्रोग्राम फाइल्स ही फोल्डरे, त्यांची मालकी आपल्याकडे घेऊन, काढून टाकावीत. आपले फोटो आणि कागदपत्रे असलेले यूजर्स फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश आला, तर 'कंटिन्यू' दाबल्यावर ते बहुधा उघडते. वडिलांनी लिहिलेला सुपारीच्या बागेचा अकरा वर्षांचा हिशेब माझ्या डिस्कवर आजही होता त्याच जागी आहे.

मालवणहून:
कालचा मजकूर माझाच होता आणि मी तो मागे घेत नाही. नवे विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल, तर बूटच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या, फायली अनेकदा जुन्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्येच (त्यासाठीच राखलेल्या छोट्या भागात) जातात. ते छोटे पार्टिशन निरुपयोगी समजून मी डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क-विभागणीच्या साधनात 'ओव्हरराइड' (सक्तीने पुसा) देऊन उडवले आणि दुसऱ्या दिवशी नवा कोरा संगणक सुरूच होईना. शिवाय जुन्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की हाताशी नसताना आपले 'कंटिन्यू' काय कामाचे? आधी सगळे दुसरीकडे कॉपी करावे, मग फॉरमॅट करावी. यात डेटा पुसला जातो कुठे?

देवगडहून:
आपण दोघेही सॉफ्टवेअरवर भांडत आहात, पण किनाऱ्यावर डिस्क मरते ती खाऱ्या हवेने. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बारीक छिद्र असते. त्याला गाळणी असली तरी दमट हवा आत जातेच. गेल्या पावसाळ्यानंतर मी एका डिस्कची सर्किटची पाटी चार स्क्रू काढून उलटी केली, तेव्हा हेडकडे (डिस्क वाचणाऱ्या भागाकडे) जाणारे चकचकीत टिपके काळपट हिरवे पडले होते. मऊ खोडरबराने ते हलकेच घासले, पाटी परत बसवली आणि डिस्क चालू झाली. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या नसतील, तर फॉरमॅट करा अथवा करू नका, काहीच फरक पडत नाही.

मालवणहून:
खोडरबराने डिस्क वाचवण्याचे सल्ले कृपया देऊ नयेत. घासताना स्थिर विजेने पाटी जळाली, तर ती आपण भरून देणार का?

देवगडहून:
मी केलेले सांगितले, कुणावर लादले नाही. तीस वर्षे याच हवेत यंत्रे सांभाळणाऱ्याला हे विचारू नये.

चिपळूणहून:
22 जुलै 2021 च्या पुरात आमचा खालचा मजला बुडाला. संगणक आणि त्याची कॉपी असलेली बाहेरची डिस्क एकाच टेबलावर होती. दोन्ही गाळात सापडली. पुढे एका दुरुस्तीवाल्याकडे नेलेली डिस्क त्याने आम्हाला न विचारताच फॉरमॅट करून परत दिली. फॉरमॅट हा शब्द ऐकला की आजही माझ्या पोटात गोळा येतो. त्यामुळे गुहागरकरांचा राग मला समजतो. पण त्यांच्या बागेचा हिशेब एकाच डिस्कवर असेल, तर तो जपला आहे असे मी म्हणणार नाही.

गुहागरहून:
हिशेब एकाच डिस्कवर आहे, हे मान्य करावे लागते. ईएफआयचा मुद्दाही माझ्या लेखनातून सुटला. नवे विंडोज टाकताना जुनी डिस्क काढूनच ठेवावी, एवढी दुरुस्ती मी करतो. फॉरमॅट सक्तीचे नाही, हे मात्र मी सोडणार नाही. आज रात्री हिशेबाची कॉपी करून ती पेनड्राइव्हवर पुण्याला बहिणीकडे पाठवत आहे.

मालवणहून:
कॉपी झाल्यावर दोन-चार फायली उघडून पाहा, मगच पाठवा.