मुठीची ताकद वाढवली तरी गोल्फचा स्विंग सुधारत नाही : माझं स्पष्ट मत

केळीबागवाला (रावेर) :
राम राम मंडळी. आधी काय हसायचं ते हसून घ्या. रावेर तालुक्यात केळीच्या बागेला लागून जुनं मासेमारीचं जाळं टांगून एक बाप्या गोल्फचे चेंडू बडवतो, तो मीच. मुलगा पुण्यात असतो, त्याने तीन वर्षांपूर्वी कुणाचा तरी वापरलेला सेट आणून दिला. वर्षातून चार-पाच वेळा पुण्याला गेलो की खऱ्या मैदानावर खेळतो, बाकी सगळं या जाळ्यात.

मागच्या दिवाळीत तिथे एका तरुण खेळाडूने माझे चार फटके बघितले आणि म्हणाला, "काका, ग्रिप फार वीक आहे तुमची. स्ट्राँग करा, चेंडू उजवीकडे पळायचा थांबेल." मी मनावर घेतलं. स्प्रिंगचा चिमटा आणला आणि रोज सकाळ-संध्याकाळ दाबत बसलो. ओळखीतल्या दवाखान्यात पकड मोजायचं यंत्र आहे. त्यावर उजवा हात 33 किलो भरायचा, पाच महिन्यांत 40 झाला. आणि चेंडू? सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) आधी 130 यार्ड जायचा, आता 125. उजवीकडे पळतो तो पळतोच. वर उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागलाय.

म्हणून माझं मत झालंय की पकडीच्या ताकदीचा आणि स्विंगचा, म्हणजे काठी फिरवून मारण्याचा, काही संबंध नाही. चिमटे विकणाऱ्यांचा धंदा आहे हा. कुणाचं वेगळं मत असेल तर बोला.

लोहाराचा नातू (चोपडा) :
माझं वेगळं आहे, काका. आमच्या आजोबांनी जन्मभर घण मारला. घण उचलताना त्यांचा हात किती सैल असायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण त्याच हाताने ते आमचे कान धरायचे तेव्हा सांडशीत सापडल्यासारखं व्हायचं. सैल धरायला आधी हातात ताकद लागते. कमजोर हाताचा माणूस दांडा आवळूनच धरणार, कारण सुटेल ही भीती असते.

हिशोबच करा ना. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, तिचं डोकं साधारण 200 ग्रॅमचं. तुमच्यासारख्याचा वेग ताशी 145 किलोमीटर धरला तरी सेकंदाला 40 मीटर झाले. दीड मीटरच्या फेऱ्यात ते फिरतंय. म्हणजे खालच्या टप्प्यावर काठी तुमच्या हातातून बाहेर ओढली जाते ती वीस-बावीस किलोच्या जोराने. बादलीला दोर बांधून गरागरा फिरवल्यावर हात कसा ओढला जातो, तसंच. ज्याची पकड 30 किलो, त्याला जवळजवळ सगळी ताकद लावावी लागेल. 60 किलोवाला आरामात धरेल.

केळीबागवाला (रावेर) :
भो, हिशोबात एक हात विसरलास. दोन हातांनी धरतो आपण, दहा-दहाच आले वाट्याला. तेवढी माझ्यात आधीपण होती. मग वरचे सात किलो कमावून काय मिळालं?

फिजिओताई (धुळे) :
काका, मी तुमच्या बाजूने, पण अर्धीच. सगळ्यांनी आत्ता मोबाईल खाली ठेवा, मूठ कचकचून आवळा आणि मनगट पंख्यासारखं वर-खाली हलवून बघा. हलतं का? आता मूठ सैल करून हलवा. मूठ आवळली की हाताच्या पुढच्या भागातले दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम ताणले जातात आणि मनगट लाकडासारखं होतं. गोल्फमध्ये काठीला शेवटचा वेग मिळतो तो मनगट उलगडल्याने. वरून खाली यायला जेमतेम पाव सेकंद, त्यात मनगटच अडकलं तर खांद्याची, कमरेची मेहनत वाया. तुमचे पाच यार्ड तिथेच गेले असतील. पाच महिने हाताला आवळायची सवय लावलीत आणि तीच सवय स्विंगमध्ये आली.

दुसरं, चेंडू लागण्याच्या क्षणी घट्ट धरलं की फटका जोरात बसतो हा मोठा गैरसमज आहे. चेंडू काठीला टेकून असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेळ. हाताला कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो.

आणि ते यंत्र मोजतं ते एका जागी बसून दिलेला जास्तीत जास्त दाब. म्हाताऱ्या माणसांची एकूण तब्येत जोखायला ते चांगलं आहे (आशियातल्या लोकांसाठी पुरुषांत 28 आणि बायकांत 18 किलोच्या खाली गेलं की आम्ही काळजी करतो), पण स्विंगचं मोजमाप ते नाही.

लोहाराचा नातू (चोपडा) :
ताई, मग लांब मारणाऱ्या खेळाडूंची पकड जास्त का भरते?

फिजिओताई (धुळे) :
कारण त्यांचे पाय, कंबर, पाठ सगळंच दणकट असतं. पकड जास्त भरते ती त्या सगळ्याबरोबर. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याच्या घरी कुलरही असतो, म्हणून कुलर आणल्याने शेत नांगरलं जात नाही.

लोहाराचा नातू (चोपडा) :
उदाहरण भारी, पण पटलं नाही. चेंडू लांब गवतात गेला की गवत काठीच्या मानेला गुंडाळतं आणि डोकं फिरवतं. तिथे सैल हात काय करणार? आणि आपल्याकडचा मे महिना! भुसावळला पारा 45 च्या पुढे जातो, हाताला असा घाम सुटतो की कुदळीचा दांडा सटकतो, तिथे गुळगुळीत रबराची काय कथा. डाव्या हातात मोजा उगाच घालतात का लोक?

शिरपूरकर :
मना बाप सांगे, "कुऱ्हाड घट्ट धरशी तं हात फुटतीन, लाकूड नही." त्यानावर मी काय सांगू.

गिरणाकाठ (चाळीसगाव) :
इथे पाण्याची बोंब आणि यांना गोल्फची हौस.

केळीबागवाला (रावेर) :
जाळ्याला पाणी लागत नाही, दादा. बागेला ठिबक आहे. पुढे बोला.

शिरपूरकर, तुमच्या वडिलांचं सोळा आणे खरं. भरीत करताना आमच्याकडेही तेच सांगतात. बडगीत, म्हणजे भरताच्या लाकडी भांड्यात, वांगी कुटताना नवखा माणूस मुसळ आवळून धरतो आणि पहिल्या पाच मिनिटांतच तळहाताला फोड आणतो.

मूळचा अमळनेरचा (सध्या नाशिक) :
मंडळी, एवढा वाद घालण्याआधी काकांना एक विचारतो. त्या पोराने नेमके "वीक" आणि "स्ट्राँग" हेच शब्द वापरले होते ना? आणि तो चेंडू उजवीकडे पळण्याबद्दल बोलत होता?

केळीबागवाला (रावेर) :
हो. अगदी हेच.

मूळचा अमळनेरचा (सध्या नाशिक) :
मग काका, तुम्ही पाच महिने भलत्याच गोष्टीचा व्यायाम केलात. गोल्फमध्ये स्ट्राँग आणि वीक ग्रिपचा ताकदीशी काडीचा संबंध नाही. हात दांड्यावर किती वळवून ठेवलाय त्याची ती नावं आहेत. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डावा हात उजवीकडे वळवून ठेवला, वरून बघताना बोटांच्या मुळाचे तीन उंचवटे दिसले, की ती स्ट्राँग. एकच दिसला तर वीक. वीक ग्रिपमध्ये काठीचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उघडं (उजवीकडे वळलेलं) राहतं आणि चेंडू उजवीकडे पळतो. त्या पोराला हात वळवा म्हणायचं होतं.

बोटं एकमेकांत कशी गुंतवायची हा आणखी तिसरा विषय. जुन्या काळातला गोल्फपटू हॅरी व्हार्डन, त्याच्या नावाची पद्धत, म्हणजे उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवायची, ती आजही बहुतेक जण वापरतात. जॅक निकलस आणि टायगर वुड्स हे नामांकित गोल्फपटू दोघेही करंगळी अडकवून धरतात.

(इथे नाशकात 'गोल्फ क्लब मैदान' म्हणून विचारलंत तर लोक तुम्हाला क्रिकेटच्या मैदानावर आणून सोडतील, सकाळी फिरणाऱ्यांच्या गर्दीत. खान्देशी माणसाच्या नशिबात गोल्फ असाच.)

केळीबागवाला (रावेर) :
पाच महिने! रोज दोन वेळा! बायको म्हणायची, काय ते सारखं कुईकुई वाजतंय.

लोहाराचा नातू (चोपडा) :
काका, पण यामुळे मूळ मुद्दा निकालात निघत नाही. शब्द चुकला असेल, पण तुमचा प्रयोगही फसलाच ना? वीक ग्रिपनेच मारत राहिलात तर ताकदीचा फायदा-तोटा कळणार कसा? तुमच्या 125 यार्डांवरून 'ताकद निरुपयोगी' हे सिद्ध होत नाही.

फिजिओताई (धुळे) :
हे मात्र मान्य. एका माणसाच्या जाळ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, माझ्या बाजूचंही नाही. मी एवढंच म्हणेन की ताकद वाढवायची तर पाय आणि कंबरेपासून सुरुवात करा. आपली गोल्फपटू अदिती अशोक, तिला टोकियो ऑलिम्पिकमध्ये लांब मारणाऱ्या बायका यार्डांनी मागे टाकत होत्या, तरी ती चौथी आली.

लोहाराचा नातू (चोपडा) :
ती पटिंगवर (चेंडू हळूच ढकलून भोकात घालण्यावर) आली, ताई. पटिंगला कोण ताकद म्हणतंय? विषय बदलू नका.

केळीबागवाला (रावेर) :
आज सकाळी हात वळवून बघितला. जाळ्यात डावी-उजवी काय कळणार, म्हणून शेजाऱ्याच्या केळी काढलेल्या मोकळ्या शेतात गेलो. वीस चेंडू मारले. पहिले सहा डावीकडे बांधापलीकडे, मग हळूहळू सरळ. दोन सापडलेच नाहीत. अंतर पावलांनी मोजलं, 130 च्या आसपास. म्हणजे जुन्या जागी परत आलो.

लोहाराचा नातू, मी धाग्याचं नाव बदलत नाही, पण तुझा घणाचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. मारताना बघितलं, काठी वर नेताना माझी उजव्या हाताची बोटं पांढरी पडतात. चाळीस किलो कमावूनही मी भिऊनच धरतोय.

फिजिओताई (धुळे) :
आणि कोपर?

केळीबागवाला (रावेर) :
ठणकतोय. चिमटा नातवाला देऊन टाकला.