बाबांच्या मणक्यात नस दबलीय, ऑपरेशन करावं का?

सिंहगडरोडकर: बाबा ७१ वर्षांचे, शुगर आहे. हल्ली सारसबागेत थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, बाकावर पाच मिनिटं टेकले की परत चालतात. पण मॉलमध्ये ट्रॉली ढकलत अर्धा तास आरामात फिरतात त्यामुळे घरात सगळ्यांना नाटकच वाटायचं. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी) कॅनल स्टेनोसिस, म्हणजे नसांची जागा अरुंद झालेली, आलंय, सर्जन डीकम्प्रेशन (नसांवरचा दाब काढायचं ऑपरेशन) करा म्हणतात आणि आत्या म्हणते मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो. कोणाला अनुभव?

कोथरूडची लेक: अहो नाटक नाहीये ते! पुढे वाकलं की मणक्यातली जागा थोडी मोकळी होते, नसांवरचा दाब कमी होतो, म्हणून ट्रॉली धरून चालता येतं. माझ्या आईचं अगदी हेच होतं. ऑपरेशनमध्ये मागचं थोडं हाड आणि जाड झालेलं लिगामेंट काढतात. मज्जारज्जू साधारण एल१-एल२ पाशीच संपतो, एल४ ला नुसत्या नसा असतात, त्यामुळे आत्यांना वाटतं तेवढी भीती नाही. धोका असतोच, इन्फेक्शन होऊ शकतं, नसांच्या आवरणाला चीर जाऊ शकते, ते सर्जनला स्पष्ट विचारा. आईला दुसऱ्या दिवशी उभं केलं, पाय लगेच हलके झाले, मुंग्या जायला मात्र महिने लागले आणि कंबर अजून अधूनमधून दुखते.

फिजिओ_पुणे: शुगर आहे तर पायांचा डॉप्लर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करून घ्या आधी, रक्तपुरवठा कमी असला तरी पोटऱ्या अशाच भरतात, फक्त तेव्हा नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं, बसावं लागत नाही. मणक्यात स्क्रू टाकायचं म्हणाले तर का ते विचारा, मणका सरकत असेल तर लागतात, सरसकट नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला सांगा, मनाने बंद करू नका.
आणि लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठा. पाऊल उचलेना, चप्पल निसटायला लागली तरी थांबू नका.

सिंहगडरोडकर: खूप आभार. चप्पलचं वाचून बाबांना विचारलं तर म्हणे उजवी चप्पल जिन्यात निसटतेय चार दिवस, कोणाला बोललेच नाहीत! सर्जनना आत्ता फोन केला, लगेच घेऊन या म्हणाले, निघतोय.